चन्नवीरकाकांनी दिलेला पंप

अजिबात न चालणारा पंप परवडला. तो निदान थापा मारत नाही. हा मात्र बटण दाबलं की घर्र करून जागा व्हायचा, अंग थरथरवायचा, आता बघाच मी कसा कामाला लागतो असा आव आणायचा, आणि प्रेशरच्या घड्याळाचा काटा एकाच्या पुढं तसूभर सरकायचा नाही. धम्मप्रिया शिवशरण शुक्रवारी सकाळपासून त्याच्यासमोर लाकडी पाटावर बसली होती. दुपारपर्यंत तिच्याकडच्या ठेवणीतल्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात देऊन संपल्या होत्या.

पंप होता गाडीचा, पण पाण्याचा. मंद्रूपच्या राजनंदिनी बिराजदार यांची द्राक्षबाग मोठी आणि गाडी पळवायची हौस बागेहून मोठी. त्यांनी टर्बोची गाडी घेतली, तिची ताकद वाढवून घेतली आणि एप्रिलच्या उन्हात ती दामटली. मग व्हायचं तेच झालं. इंजिनात जाणारी हवा इतकी तापायची की आतून खडखड ऐकू यायची, आणि असं खडखडणारं इंजिन फार दिवस टिकत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्या हवेत पाण्याचा धुक्यासारखा बारीक फवारा सोडायचा. डिकीत पाण्याची छोटी टाकी, टाकीला पंप, पंपापासून इंजिनापर्यंत नळी आणि नळीच्या तोंडाला सुईच्या टोकाएवढ्या भोकाचं नोझल. फवारा बसला की हवा गार होते आणि इंजिन गप्प बसतं. नवा पंप बाहेरून यायला दोन महिने लागणार होते, म्हणून होटगी रोडच्या शिवशरण गॅरेजनं मंगळवार बाजारात जुना शोधला. तो चन्नवीरकाकांकडं मिळाला.

त्या बाजारात जुन्या मालाची एक रीत आहे. पावती नाही, गॅरंटी नाही. विकणारा पोतं अंथरून बसतो, माल गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवतो आणि ‘माझा शब्द’ म्हणतो, बस्स. माल खोटा निघाला तर गिऱ्हाईक तो पुढच्या मंगळवारी आणतं आणि भर बाजारात त्याच्या पोत्यावर ठेवून देतं. तोंडातून एक शब्द काढायची गरज पडत नाही. ज्याच्या पोत्यावर असा माल परत आला, त्याच्यापुढं नंतर कित्येक महिने कुणी थांबत नाही. चन्नवीरकाका तीस वर्षं तिथं बसत होते आणि त्यांच्याकडं अजून एकदाही काही परत आलेलं नव्हतं.

येत्या मंगळवारी ते येणार होतं. धम्मप्रियाच्या वडिलांनी, म्हणजे ईश्वर मिस्त्रींनी, तसं जाहीरच करून टाकलं होतं.

ईश्वर मिस्त्री हाताचे सोन्यासारखे आणि तोंडाचे तापट. गुरुवारी पंप गाडीला बसवला, काटा चढेना म्हटल्यावर त्यांनी तिथंच चन्नवीरकाकांना फोन लावला होता. "चन्नवीर, तू मला फशिवलंस. काटा चढत न्हाय. तीस वर्षांच्या दोस्तीत हेच शिकलास व्हय?" पलीकडून काका एवढंच म्हणाले, "ईश्वरा, मी चालवून दिला हुता. आनखी काय सांगू?" आणि फोन ठेवला. एवढ्यावर थांबले असते तर ते ईश्वर मिस्त्री कसले! संध्याकाळी चहाच्या गाड्यावर त्यांनी चार गॅरेजवाल्यांना ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. त्यात सिदू मिस्त्री होता. सिदूला सांगितलं की वेगळी दवंडी द्यावी लागत नाही.

"पप्पा, पंप आणायला मी गेले हुते," धम्मप्रिया तिसऱ्यांदा म्हणाली. "काकांनी माझ्यासमोर बादलीत सोडून चालवला. काटा आठावर हुता. मी डोळ्यानं बगितलंय."

"पाच मिन्टं कायबी चालतंय," ईश्वर मिस्त्री म्हणाले. "मरायला टेकलेला पंप त्यानं तुज्या गळ्यात मारला. तुला काय कळतंय अजून?"

हे शेवटचं तिला झोंबलं. डिप्लोमा झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून ती तीन वर्षं याच गॅरेजात राबत होती, आणि ‘पोरीला काय कळतंय’ हे ऐकतच राबत होती. पण त्याहून जास्त तिला चन्नवीरकाकांचं वाईट वाटत होतं. लहानपणी ती वडिलांबरोबर बाजारात गेली की काका तिला जुने गिअर खेळायला द्यायचे आणि कुठला दात कुठल्या दातात बसतो ते समजावून सांगायचे. तो माणूस खोटा माल देईल हे तिच्या मनाला पटत नव्हतं. आणि मनाला पटत नाही एवढ्यावर बाजार ऐकत नसतो, हेही तिला ठाऊक होतं.

"मंगळवारपर्यंत मला हात लावू द्या," ती म्हणाली. "काय बिगडलंय ते कळल्याशिवाय पंप पोत्यावर जाणार न्हाय."

"कर काय करायचं ते," असं म्हणून ते एका जीपखाली सरपटत गेले आणि जीपशीच भांडू लागले.

तिनं पद्धतशीर सुरुवात केली. पहिला संशय करंटवर. वायर लांब असली, सांधा गंजलेला असला की पंपाला पुरेसं बळ मिळत नाही. मीटर लावला तर पंपाच्या तोंडाशी साडेदहा व्होल्ट! तिला वाटलं, सापडलं. जाड वायर घेऊन तिनं पंप थेट बॅटरीला जोडला, बारा व्होल्ट भरले. पंप जरा जोरात घुरघुरला, काटा मात्र तिथंच राहिला.

दुसरा संशय हवेवर. पाणी ओढणाऱ्या नळीला कुठं बारीक चीर असली तर पंप पाण्याऐवजी हवाच पीत बसतो. तिनं ती नळीच काढून टाकली, नवा तुकडा लावला, क्लिप आवळली आणि टोक बादलीत सोडलं. एक बुडबुडा दिसेना. काटा एकावर.

मग पाण्यातला कचरा अडवणारी जाळी. जाळी स्वच्छ होती. मग नोझल. सोलापूरच्या बोअरचं पाणी असं की महिन्याभरात तोटीला पांढरा थर धरतो, म्हणून तिनं नोझल काढून उजेडाकडं धरलं. आरपार दिसत होतं. शेवटी तिनं पुढची सगळी यंत्रणा बाजूला ठेवली आणि पंपाच्या पाणी सोडणाऱ्या तोंडावर सरळ अंगठा दाबून धरला. चांगला पंप असता तर अंगठा उडवून दिला असता. हे पाणी तिच्या अंगठ्याखाली मुकाट बसलं.

शनिवार संध्याकाळपर्यंत बाहेरचं सगळं निर्दोष सुटलं होतं. आता दोष होता तो पंपाच्या पोटात. आणि तो पोटात निघतो म्हणजे वडिलांचंच खरं ठरतं, हे तिला दिसत होतं. एकदा वाटलं, राहू दे, नको उघडायला. पण न उघडता पंप परत गेला असता तर ती आयुष्यभर तेच कुरतडत बसली असती. तिनं रविवारी सकाळी, गॅरेज बंद असताना, शटर अर्धं वर करून पंपाचे चार स्क्रू सोडले.

आतली रचना साधी होती. रबराचा एक पडदा पुढंमागं हलतो. तो मागं गेला की पाणी आत येतं, पुढं गेला की बाहेर फेकलं जातं. आत आलेलं पाणी परत फिरू नये म्हणून छत्रीच्या आकाराच्या तीन इवल्या रबरी झडपा असतात. पडदा बरा होता, थोडा ढिला वाटत होता इतकंच. झडपा मात्र बघवत नव्हत्या. फुगून जाड झालेल्या, कडेला चुण्या पडलेल्या, बोटात धरल्या तर पाण्यात राहिलेल्या खोडरबरासारख्या लिबलिबीत. आपल्या जागेवर त्या टेकतच नव्हत्या. पडदा जेवढं पाणी पुढं ढकलत होता तेवढं झडपांच्या कडेनं मागं पळत होतं.

तिनं एक झडप नाकाशी नेली आणि तशीच थांबली.

पेट्रोलचा वास येत होता. पाण्याच्या पंपात पेट्रोल कुठून आलं?

आणि मग तिला आठवलं. आठवलं म्हणजे काय, ती विसरलेलीच नव्हती, कारण तिनं त्याची कधी दखलच घेतली नव्हती. ईश्वर मिस्त्रींच्या गॅरेजात जुना माल पारोसा ठेवत नाहीत. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आधी मागच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पेट्रोलात रात्रभर बुडायची, सकाळी ब्रश मारून पुसायची, मगच कामाला घ्यायची. कार्ब्युरेटर असो, बेअरिंग असो, बोल्ट असो. ब्रेकचं रबर तेवढं त्यात घालायचं नाही, हे ती शाळेत असल्यापासून शिकली होती. पण हा पंप बाहेरून नुसता लोखंड आणि प्लास्टिक दिसत होता. मंगळवारी बाजारातून आल्यावर तिनं तो पिशवीतून काढला होता आणि हात धुवावेत इतक्या सहज ट्रेमध्ये सोडला होता. बुधवारी सकाळी काढून पुसलाही होता. तिनंच.

तिनं तिन्ही झडपा पुसून एका कागदावर ओळीनं मांडल्या. काकांनी चांगला पंप दिला होता. तो तिनं मारला होता. आणि चोर ठरत होते ते काका.

तरी तिनं घाई केली नाही. झडपा आधीपासूनच फुगलेल्या असतील, असं वडील म्हणणार होते, आणि त्यांनी म्हणण्याआधी तिनं स्वतःच तो प्रश्न स्वतःला विचारला. पुरावा हवा होता. द्राक्षबागेत पाठीवर घेऊन औषध मारतात त्या बॅटरीच्या फवारणी पंपातही असाच पडदा आणि अशाच झडपा असतात. तिनं मार्केट यार्डाजवळची दुकानं गाठली. रविवार असल्यानं दोन बंद होती. तिसऱ्यात मिळालेल्या झडपा पंपाच्या खोबणीत मावेनात. चौथा दुकानदार जेवायला निघाला होता, त्याला तिनं विनवणी करून थांबवलं आणि त्याच्या डब्यातल्या सगळ्या मापांच्या झडपा एकेक करून आपल्या झडपेशेजारी ठेवून पाहिल्या. एक माप तंतोतंत जुळलं. तिनं दोन संच घेतले, पडद्यासकट.

एका संचातली एक झडप तिनं पेट्रोलच्या वाटीत टाकली, दुसरी पाण्याच्या. सोमवारी सकाळी पाण्यातली होती तशी होती. पेट्रोलातली भिजलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती.

ईश्वर मिस्त्री आले तेव्हा तिनं दोन्ही वाट्या बाकावर त्यांच्यासमोर ठेवल्या, शेजारी पंपातून काढलेल्या झडपा ठेवल्या आणि म्हणाली, "पप्पा, पंप मी बुडवला हुता ट्रेत. मंगळवारी. काकांचा माल चांगला हुता."

चाळीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी एक झडप उचलली, दाबली, वास घेतला आणि परत ठेवली. त्यांचा चेहरा उतरला. मग ते बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाले, "नवीन झडपा टाक. गाडी देऊन टाक. इषय सपला."

"आन काका?"

"चन्नवीरचं मी बगतो. उद्या पंप नेत न्हाय पोत्यावर. दोन म्हैन्यांनी जाऊन त्याच्यासंगं च्या पितो, हुईल सगळं नीट."

"तुमी सिदूकाकाला सांगून बसलाय, पप्पा. दोन म्हैने त्यांच्यापुढं कोण थांबणार न्हाय. त्यांचं घर त्या पोत्यावर चालतंय."

"आन तुजं?" त्यांचा आवाज एकदम चढला. "आत्ता कुटं लोक तुज्या हातात गाडी द्यायला लागल्यात. पोरीनं पाण्याचा पंप पेट्रोलात धुतला, हे सिदूच्या कानावर गेलं तर काय हुईल ठाऊक हाय का? माझ्यामागं हे गॅरेज तुलाच चालवायचंय की! गप बस. माझं ऐक."

त्यांना आपली काळजी आहे हे तिला कळत होतं, आणि त्यामुळंच उलट बोलणं जास्त जड जात होतं. नुसतेच रागावून ओरडले असते तर सोपं झालं असतं. "मी उद्या बाजारात जाणार हाय," ती म्हणाली. "ज्यांच्यासमोर त्यांचं नाव गेलं, त्यांच्यासमोरच सांगणार." ईश्वर मिस्त्री पाना घेऊन जीपखाली शिरले. दिवसभर बापलेकीत पाना दे, टॉर्च धर, याच्यापुढं बोलणं झालं नाही.

मंगळवारी सकाळी तिनं स्कूटीच्या पायाशी बॅटरी ठेवली, हँडलला बादली अडकवली, पंप आणि प्रेशरचं घड्याळ पिशवीत घेतलं. वडील शटरपाशी पाठमोरे उभे होते. "येते," ती म्हणाली. त्यांनी मान वळवली नाही.

बाजार भरला होता. सगळ्या पोत्यांपुढं गर्दी होती आणि चन्नवीरकाकांच्या पोत्यापुढं मोकळी जागा. काका एका जुन्या डायनामोला कापडानं पुसत बसले होते, तो आधीच लख्ख झाला होता. पलीकडच्या गाड्यावर सिदू मिस्त्री आणि आणखी सात-आठ जण चहा घेत होते. धम्मप्रियाच्या हातात पंप दिसला तसे ते पेले घेऊनच जवळ आले. तमाशा चुकवायचा नव्हता कुणाला.

"बा तंगी, बा," काका कानडीत म्हणाले, ये पोरी ये. त्यांनी तिच्या हातातला पंप पाहिला, आणि काही न विचारता पुढचा माल बाजूला सारून पोत्यावर त्याच्यापुरती जागा केली. ती जागा बघून तिला रडू येईल असं वाटलं.

"परत द्यायला न्हाय आणला, काका," ती मोठ्यानं म्हणाली. "चालवून दाखवायला आणलाय."

तिनं बॅटरी मांडली, जवळच्या पिंपातून बादली भरून घेतली, नळ्या जोडल्या, पाणी सोडणाऱ्या तोंडाला घड्याळ आणि नोझल लावलं. एक क्लिप दोनदा सुटली. मग तिनं वायर टेकवली. पंप घुरघुरला, आवाज चढत गेला आणि काटा दोन, चार, सहा करत आठावर जाऊन उभा राहिला. नोझलमधून निघालेलं बारीक धुकं सरळ सिदू मिस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेलं. माणसं हसली.

"ह्या पंपात कायबी खोट नव्हती," धम्मप्रिया म्हणाली. ती एकेक शब्द नीट उच्चारत होती. "काकांनी मला चालता दिला. मी तो नेऊन रात्रभर पेट्रोलात बुडवून ठेवला. आतलं रबर फुगलं, म्हणून प्रेशर धरत नव्हता. नवीन रबर टाकलं, आता चालतोय. चूक माझी हाय. काकांची न्हाय."

मग सिदू मिस्त्री सदरा झटकत म्हणाला, "पाण्याचा पंप पेट्रोलात? आगं, कुटल्या उस्तादानं शिकवलं गं तुला हे?"

हसण्याचा असा फवारा उडाला की पलीकडच्या पोत्यावरची माणसंही वळून बघू लागली. धम्मप्रियाचे कान तापले. उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते तिच्या तोंडून निघणार नव्हतं. ती वायर गुंडाळू लागली.

"मी."

गर्दीच्या मागून आवाज आला. ईश्वर मिस्त्री माणसांना बाजूला सारत पुढं आले. गॅरेजातल्याच कपड्यांवर आले होते, घामानं चिंब, बहुतेक स्टँडपासून चालत. "मी शिकवलं," ते म्हणाले. "मिळंल ते पेट्रोलात धू, म्हणून मीच शिकवलं तिला. आत काय हाय ते बगायचं मी शिकवलं न्हाय, ते ती आपलं आपण शिकली. आन सिदू, ह्या माणसाला चोर म्हणलो तो बी मीच. तुज्यापुढं म्हणलो, म्हणून आता तुज्यापुढंच सांगतो. माझं चुकलं."

सिदू मिस्त्रीला पेल्यात अचानक काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

चन्नवीरकाकांनी हातातला डायनामो खाली ठेवला. "काटा चढत न्हाय म्हणलास, तवाच मला कळलं हुतं, ईश्वरा," ते शांतपणे म्हणाले. "तुजी पेट्रोलाची सवय मला ठाऊक हाय. तुमी तो धुतला."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू आधी चोर म्हणलास की रं. त्याच्यावर मी काय सांगितलं असतं तरी ती चोराची सबब झाली असती."

ईश्वर मिस्त्री दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि चन्नवीरकाकांच्या पोत्याशेजारी, भर बाजारात, खाली मातीतच बसले. काकांनी सरकून त्यांना पोत्यावर जागा दिली, तरी ते लगेच उठले नाहीत. धम्मप्रिया हातात वायर धरून तशीच उभी होती. आपले वडील कुणापुढं असे खाली बसलेले तिनं कधी पाहिले नव्हते, आणि त्यांचा इतका अभिमानही तिला कधी वाटला नव्हता.